रुमालाखाली

माझे वडील, मन्मथप्पा बिरादार.
हंडरगुळीच्या बाजारात चाळीस वर्षं दलाली केली
आणि आकडा कधी तोंडानं उच्चारला नाही.
विकणाऱ्याचा हात, घेणाऱ्याचा हात,
वर खांद्यावरचा रुमाल.
खाली बोटं बोलायची.
वर दोघंही आभाळाकडं बघत उभे,
जणू बैल तिसऱ्याच कुणाचा आहे.

मी जालन्यात, बियाण्यांच्या कंपनीत.
ओल्या कागदावर शंभर दाणे मांडते, गुंडाळी करते,
सातव्या दिवशी उलगडून मोजते
किती उगवले.
ब्याण्णव. अठ्ठ्याऐंशी.
एकदा एकसष्ट,
तेव्हा साहेब म्हणाले, पुन्हा मोज.
पुन्हा एकसष्टच भरले.
तो लॉट माझ्या सहीपाशी अडला
आणि त्या वर्षी माझी वाढही कुठंतरी अडली.

सात वर्षांत सतरावरून सव्वीस.
मला काही कमी वाटत नव्हतं,
अफसरनं डबा खाता खाता
स्वतःचा पगार सांगेपर्यंत.
अफसरला गुंडाळी करायला मीच शिकवलं.
बिचारा पुढं जेवलाच नाही.
भाकरीचा तुकडा हातात तसाच धरून म्हणाला,
ताई, मला वाटलं तुम्हाला चाळीस तरी असतील.

नवी कंपनी मंठा चौफुलीच्या पुढं.
तनुजा मॅडम. टेबलावर काच, काचेखाली बालाजी
आणि कुणाच्या तरी मुलाचा गणवेशातला फोटो.
सध्याचा पगार किती?
अपेक्षा किती?
असं उघड्यावर.
एवढ्या ट्यूबलाइटच्या उजेडात.

मी घरून सराव करून आले होते.
आरशासमोर बत्तीस म्हटलं, आवाज बरा निघाला.
पस्तीस म्हणताना मात्र हसू आलं.
आप्पा म्हणायचे,
सौद्यात जो आधी हसला
त्यानं वासरू वर फुकट दिलं.

टेबलाखाली मी माझाच डावा हात उजव्यात घेतला.
ओढणी होती वर.
एक बोट दाबलं. दुसरं. तिसरं.
चौथं दाबताना नख लागलं.
चाळीस, म्हटलं,
आणि गप्प बसले.

किती वेळ गेला ते सांगता येणार नाही.
बाहेरून सळ्यांचा एक ट्रक गेला, खणखणत,
सगळा गेला, तरी दोघी गप्प.
मग त्या म्हणाल्या, बजेट.
म्हणाल्या, सव्वीसवरून एवढी उडी कुणीच देत नाही.
म्हणाल्या, आमच्याकडं अगदी घरच्यासारखं वातावरण आहे.
घरच्या कामाचा मला कुणी पगार देत नाही,
हे ओठापर्यंत आलेलं गिळलं.

मी एवढंच म्हटलं, मॅडम,
तुमच्याकडं एकसष्ट भरले
तर मी एकसष्टच लिहीन.

त्यांनी पेनचं टोपण काढलं, लावलं, परत काढलं.
थांबा जरा, म्हणून आत गेल्या.
मी बालाजीकडं बघत बसले. गणवेशातल्या पोराचा
एक दात पडलेला होता.
अडतीस, आल्या आल्या म्हणाल्या,
याच्यापुढं मला विचारू नका.
मी विचारलं. दिवाळीचं वेगळं ना?
वेगळं.

रविवारी उदगीर.
आप्पांना आता ऐकू येत नाही,
बाजार सुटला, रुमाल सुटला नाही.
ओसरीवर शेजारचे बसलेले, आई चहा ओतत होती.
आप्पांनी खांद्यावरून रुमाल काढला,
माझ्या हातावर टाकला
आणि आत बोटं सरकवली. खरखरीत, कोरडी.
मी तीन बोटं पक्की धरली,
चौथं धरलं आणि किंचित ढिलं सोडलं.

ते थांबले.
मग मी सोडलेलं तेच बोट त्यांनी धरलं
आणि बराच वेळ दाबून ठेवलं.

शाब्बास म्हणाले
की एवढं राहिलं गं म्हणाले,
कळलं नाही.
वर त्यांचं तोंड पत्र्याकडं होतं,
जणू पगार तिसऱ्याच कुणाचा आहे.